वरच्या ओळीतलं मधलं बटण

मंगळवार, दिवेलागणीला

मी सांगते, नात मुक्ता लिहिते. आज तिच्यापासून जे लपवलं, तेच तिला लिहायला लावते आहे.

उद्या कॉलेजात तिला स्वतः बनवलेला कॅल्क्युलेटर दाखवायचा आहे. कीबोर्डवर आकडे दाबले की त्यांची बेरीज पडद्यावर उमटली पाहिजे, एवढंच. "आजी, दोन अधिक तीन कर," म्हणाली आणि अधिकचं बटण दाखवून पडद्याकडे बघत बसली. मी उजवीकडच्या आकड्यांत वरच्या ओळीतलं मधलं बटण दाबलं, मग अधिक, मग मधल्याच्या उजवीकडचं.

"सतरा?" पोरगी घाबरली.

तिनं दाबलं की पाच, मी दाबलं की सतरा! तासभर प्रोग्रॅम उसवत बसली. खोट माझ्या बोटात आहे हे मला कळलं होतं. मग गप्प का बसले? लाज, दुसरं काय. पण "उद्या जातच नाही" म्हणाली, तेव्हा बोलावं लागलं.

"मुक्ते, तुझं यंत्र बरोबर हाय. मलाच आकडे वळखता येत नाय. फोनवर वरचं मधलं म्हणजे दोन, एवढंच ठावं."

"मग सायखेड्याच्या आत्याला रोज फोन कसा लावतेस?"

"बोटाला जागा पाठ हायेत."

कीबोर्डवर त्या जागी आठ असतो म्हणे, आणि तिनाच्या जागी नऊ. फोनवाल्यानं आणि कीबोर्डवाल्यानं एकमेकांना विचारायचं तरी!

"उद्या मॅडमना सांगते, तपासणी आजीनं केली."

सांग की. पण आठाचं बोलू नको. आणि लिहिताना हसू नको. तो आठ कसा दिसतो, ते इथंच मोठा काढून दाखव.