बक्कलाचा तुटका कोपरा

दादा,

जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय, पण इथे बसून खाऊ नकोस. डब्यात भर आणि मागच्या जिन्याने मावशीकडे जा. फोन कुठे करणार, तुझा फोन अजून पोलीस चौकीतच आहे, म्हणून ही चिठ्ठी.

चूक माझी आहे. आज मालिकेत कोठडीतल्या माराचा प्रसंग होता आणि नटाच्या पाठीवरचे वळ मला रंगवायचे होते. बाकीचे मेकअपवाले लाल-निळं फासतात. गोऱ्या कातडीवर ते खपतं, आपल्या काळ्या कातडीवर नुसतं सोंग वाटतं. तू तुझी पाठ कधी पाहिली नाहीस, पण तू चौकीतून सुटून आल्यापासून मी महिनाभर तिला मलम लावलंय. हात आपोआप चालला. डाव्या खांद्याखालचा बक्कलाचा चौकोनी वण, एक कोपरा तुटलेला, तोसुद्धा काढून बसले.

दिग्दर्शक म्हणाला, "काय हुबेहूब!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पोलिसी बारकावे सांगायला येतो तो फौजदार तेवढा एकटक त्या वळांकडे बघत होता. मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "छान जमलंय. कुणाच्या पाठीवर बघितलंस?"

मान वर करायची हिंमत झाली नाही, म्हणून नजर त्याच्या पट्ट्यावर गेली. बक्कलाचा एक कोपरा तुटलेला होता.

मी परत सेटवर जातेय. गेले नाही, तर त्याला आपोआप उत्तर मिळेल.

मावशीकडे कुणीही येवो, अगदी डॉक्टर म्हणून येवो, शर्ट काढू नकोस.

तुझी धाकटी