मॉरीनबाईंचा प्रश्न

ब्रिस्टल, ७ नोव्हेंबर

प्रिय आई,

मी बरी आहे, जेवणखाण वेळेवर होतं. विद्यापीठाने माझी नोकरी आणखी दोन वर्षं वाढवली, म्हणजे तुझी एक काळजी मिटली. तुझा गुडघा काय म्हणतोय?

शनिवारी आमच्या संशोधनात भाग घेतलेल्या आयांना बोलावून निष्कर्ष सांगितले. गरोदरपणी आईने सिगारेट ओढली तर बाळाच्या जनुकांवर खुणा उमटतात आणि वर्षानुवर्षं राहतात, हे आकडे मीच मांडले. चहाच्या वेळी मॉरीन नावाच्या एक बाई जवळ आल्या.

"पोरी, मी ओढायचे. माझ्या मुलाची छाती माझ्यामुळेच खराब झाली का गं?"

मी म्हटलं, "आमचे आकडे हजारो मुलांची सरासरी सांगतात. एका मुलाचं सांगता येत नाही."

"मला तर एकच आहे," असं म्हणून त्या कप ठेवून निघून गेल्या.

मला रडू आलं नाही. काहीच वाटलं नाही. खुर्च्या आवरल्या आणि घरी आले. चार दिवस असंच चाललंय, पण काम नीट होतंय.

माझा शोधनिबंध तू वाचायला मागितला होतास. तो मी मुद्दाम पाठवला नाही. धाकट्या गेथिनच्या वेळी तूही ओढायचीस, मला आठवतं. त्याच्या दम्याबद्दल तू मला कधीच विचारलं नाहीस. नाताळात येईन तेव्हा विचार. उत्तर माझ्याकडे नाही, पण या वेळी मी सरासरी सांगणार नाही.

तोवर गेथिनला दम्याचा पंप खिशात ठेवायला सांग.

तुझीच,
नेरिस