एकतीस नंबरचा दगड

सोम., १२ जाने.
आज चारच खांब बसले. टेंपो खालच्या रस्त्यापर्यंत येतो. तिथून वर अभयारण्याच्या हद्दीपर्यंत सिमेंटचा खांब खांद्यावर. मी गार्ड, बाळू वॉचर, दोघांचं वय मिळून एकशेदहा. जुन्या दगडांवरचे आकडे पार झिजलेत, बोट फिरवून वाचतो. साहेबांचा हुकूम: जुना दगड असेल तिथंच नवा खांब, मोजणी नाही. गुडघे तर...

बुध., १४ जाने.
उद्या एकतीस नंबर. भाकरी खाताना बाळू म्हणाला, "त्यो आपला हाय न्हवं?" उरलेली भाकरी फडक्यात गुंडाळली.
नोकरीचा पहिलाच पावसाळा. गव्यानं अंग घासून दगड पाडला, तो गडगडत हद्दीखालच्या शांताक्काच्या नाचणीच्या रानात. दुसऱ्या दिवशी तपासणी, चिखलाचा चढ. पडला तिथंच पुरला, चुना फासला. शिवाय तेव्हाचे साहेब शेजारी असताना आक्काला मीच बजावलं, दगडाच्या वर नांगर नको. नंतर नेऊ म्हटलं, नेला नाही. चुना मात्र दरसाल न चुकता. आळस माझा, दगडावरच्या जमिनीचा पट्टा तिचा गेला, तीस वर्षं. लाज वाटते.

गुरु., १५ जाने.
एकतीस टाळून बत्तीस बसवला. बाळू म्हणतो, "सांगशील तर चौकशी लागंल. दोन वर्सं ऱ्हायल्यात तुजी. गप बस की." पटतं, हीच पंचाईत.

शनि., १७ जाने.
सोमवारी साहेब बघायला येणार. एकतीसपाशी खड्डा खणायला घेतला. आक्का आंबील घेऊन आली. सत्तरी ओलांडली, तरी चढून आली. राहवेना, सगळं सांगून टाकलं. तिनं पदरानं तोंड पुसलं.
"ठाव हाय मला. रातीत दगड माज्या रानात आला, न्हाय कळायचं व्हय?"
मग तेव्हाच बोलली का नाहीस, म्हटलं.
"नवा हुतास. नोकरी गेली असती तुजी. म्हटलं, पाऊस सरला की न्हेशील वर."
बाळूसमोरच डोळ्यांत पाणी आलं.
तांब्या उचलून जाताना खांबाकडं बघून तिनं विचारलं, "मग, ह्यो कुटं पुरतोस?"
बाळू माझ्याकडं बघायला लागला. उद्या सांगतो म्हणालो. खांब तिथंच आडवा टाकून खाली आलो.