सातव्या रकान्यातली कारणे

५ मे, सोमवार
आणले: बालवाडीचा अर्ज, रु. ५०. लाल पेन एक, रु. १०. खडूची पेटी, रु. ३५. जुना फळा शेजारच्या यमुनाबाईंकडून फुकट. वाळवीही फुकट, ते घरी आणल्यावर कळले.
मांडवीच्या बालवाडीत शिक्षिकेची एक जागा आहे. ती माझीच. हे म्हणाले, जाहिरातीत बारावी आणि कोर्स लिहिलाय, तू दहावी. मी म्हटले, लिहायला काय जाते! एकसष्ट टक्के होते, तेसुद्धा लग्नाच्या घाईत.
सातव्या रकान्यात विचारलेय: शिक्षिका का व्हावेसे वाटते? जागा चार ओळी. आधी इथे कच्चे लिहीन.

६ मे
कारण पहिले: देशसेवा. सानिकाला ठाण्याला फोन करून वाचून दाखवले. म्हणाली, आई, हे सगळेच लिहितात गो. खोडले.
कारण दुसरे: लहान मुलांची आवड. तेवढ्यात यमुनाबाईंची नात मनस्वी आमच्या कैऱ्या पाडताना सापडली. तिला जे बोलले, त्यानंतर हे कारण लिहवेना.

८ मे, सकाळी ११
पडवीत सराव. विद्यार्थी दोन, मनस्वी आणि तिचा भाऊ सागर. हजेरी घेतली. मनस्वी म्हणाली, हजर मावशी. मी म्हटले, बाई म्हण. म्हणाली, बाई शाळेत असतात, तू तर शेजारची.
पाव आणि अर्धा लाडूवर शिकवला. सागरने उदाहरण खाल्ले. एकंदरीत वर्ग यशस्वी.

९ मे
कोणी आले नाही. लाडू संपल्याचे काल मीच बोलून गेले. सुट्टी जाहीर केली.

११ मे, रविवार
देवीला कौल लावला. लवू गुरवाने देवीच्या डाव्या-उजव्या अंगाला फुलांचे कळे लावले, गाऱ्हाणे घातले. डावा पडला. लवू म्हणाला, वहिनी, डावा म्हणजे नाही. पण तो देवीचा डावा. मी समोर उभी, माझ्या बाजूने उजवाच. नोकरी मला करायची आहे, देवीला नाही. लवू म्हणाला, इतकी वर्षे कळे लावतोय, देवीची उलटतपासणी घेणाऱ्या तुम्हीच पहिल्या. फोडलेल्या नारळाची मोठी शेड, म्हणजे मोठे भकल, मात्र ठेवून घेतलीन.

१६ मे, शुक्रवार. संकष्टी
उपासाने डोके दुखतेय, खोटे काही सुचत नाही. म्हणून खरे.
सानिका गेल्यापासून घरात मी बोलते ते भिंतींशी. काल ह्यांना म्हटले, छातीत धडधडतेय. मोबाइलमधून मान वर नाही. म्हणाले, हो, आण अर्धा डझन. कसला अर्धा डझन ते मी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही.
वर्गात नाव पुकारले की पंचवीस पोरे म्हणतील, हजर बाई. कोणीतरी हजर आहे, एवढे रोज ऐकायचे आहे.
हेच पक्के केले. चार ओळी पुरल्या.

२१ मे, बुधवार
मुलाखत झाली. मुख्य बाई दमयंती, वय फार तर तीस. सातवा रकाना दोनदा वाचला. भारावल्या असणार. मग विचारले, बारावी? मी म्हटले, देवीचा कौल उजवा आहे. म्हणाल्या, कळवतो. नेमणूक झाल्यातच जमा.
येताना मनस्वीला बजावले, बाई म्हणायची सवय लाव. ह्यांनाही सांगितले. म्हणाले, हो.

३० मे, शुक्रवार
पत्र आले. शिक्षिकेच्या जागेवर मृणाली नावाची कोर्स झालेली मुलगी घेतली. मी मदतनीस म्हणून यावे. काम: मुलांना शू करवणे, नाके पुसणे, डबे उघडून देणे. मदतनिसांना तिथे मावशीच म्हणतात.
देवीचा डावा तो डावाच.
रडले. मग तांदूळ निवडले. मग उत्तर लिहिले. शाळा दहा मिनिटांवर, पण तोंडाने सांगवणार नाही. पोस्टात टाकते. नक्कल:
मुख्य बाईंस सा. न. काम मान्य. पगार मान्य. नाके पुसण्याचा अनुभव आहे. मावशी चालेल. विनंती एकच. हजेरी मृणालीबाईंनीच घ्यावी, पण पटावर सर्वांत शेवटी माझेही नाव घालावे. पुकारले की मी हजर म्हणेन. जमेल किंवा कसे, ते कृपया उलट टपाली कळवावे.