एकोणऐंशी सालचा तो पास

सोमवार, २४ नोव्हेंबर. सकाळी ६.१०

काल जेवताना सृष्टीने सहज सांगितले. आमची नात मोठ्या गोष्टी सहजच सांगते. सात डिसेंबरला तिच्या कॉलेजची बास्केटबॉल मॅच साताऱ्यात, म्हणजे माझ्याच जुन्या कॉलेजच्या ग्राउंडवर. तिथूनच विद्यापीठाच्या टीममध्ये मुली घेणार. गार्डच्या जागा दोनच. आणि कोच वीरधवल सरांनी तिला शूटिंग गार्ड केले आहे!

रात्रभर झोप नाही. (लागली, पण उशिरा.)

पॉइंट गार्ड बॉल पुढे आणते, चारही जणींकडे बघते, कुणाला कधी द्यायचा ते ठरवते. शूटिंग गार्ड बास्केट मारते. एकीला डोके लागते, दुसरीला मनगट. मी पॉइंट गार्ड होते. तेव्हा आम्हा दोघींनाही नुसते गार्डच म्हणत. मी पॉइंट गार्ड होते हे मला पुढे टीव्हीवर मॅच बघताना कळले. दुसरी गार्ड आम्रपाली.

संकल्प. एक, तेरा दिवसांत सृष्टीला पॉइंट गार्ड करणे. दोन, रोज पहाटे गच्चीवर मी स्वतः वीस मिनिटे ड्रिबलिंग. तीन, चहात साखर बंद.

सकाळी ८.३०. गच्चीवर गार वारा होता. उद्यापासून. चहा नेहमीचा झाला, कारण सुनेने आधीच केलेला होता.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

आम्रपालीला साताऱ्याला फोन. पंचावन्न मिनिटे. बँकेतून रिटायर झाल्यापासून तिला वेळ फार आणि मते त्याहून फार. म्हणाली, विजू, पोरगी मनगटाची आहे, मारू दे की तिला. मी म्हटले, खेळ पॉइंट गार्ड चालवते. ती म्हणाली, हो तर, पाहुण्यांना बसा बसा म्हणणारी तू आणि आत चहा करणारी मी.

मग मी तिला फायनलची आठवण करून दिली. ती गप्प झाली. नेहमीच होते.

इथे एकदा नीट लिहून ठेवते. एकोणऐंशी साल, कोल्हापूरच्या मुलींविरुद्ध. आम्ही एका पॉइंटने मागे, सात सेकंद उरलेले. बॉल माझ्या हातात. समोर दोन उंच मुली. मी बॉल असा सोडला की तो रिंगच्या अलीकडूनच खाली यावा आणि थेट आम्रपालीच्या हातात पडावा. सगळ्यांना वाटले मी शॉट मारला. तीच तर त्या पासची गंमत. आम्रपालीने झेलला, टाकला, आम्ही जिंकलो. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये खेळ शिकवणाऱ्या सिस्टर अ‍ॅग्नेस मुद्दाम मॅच बघायला आल्या होत्या. त्या गळ्यातली शिट्टी हातात घट्ट धरून म्हणाल्या, विजयमाला, हा पास देवानेच दिला.

इतके मोठे कौतुक माझे पुन्हा कुणी केले नाही.

बुधवार, २६ नोव्हेंबर

कल्पना सुचली. पहाटे अंगणात रांगोळीने कोर्ट काढले. आपल्या पाच मुलींचे पाच ठिपके, त्यांचे पाच. सृष्टी कॉलेजला निघताना दोन मिनिटांत सगळे समजावता येईल.

अंघोळ करून आले तर कोर्टाच्या जागी कमळ! राहीबाई झाडू टेकवून कौतुकाने बघत उभी. म्हणाली, आवं आक्का, ठिपकं काढून आर्धंच सोडलं हुतं तुमी, मी जोडून टाकलं. आमची सेंटर आणि त्यांची फॉरवर्ड एकाच पाकळीत.

तिलाच समजावले. ती ऐकून म्हणाली, म्हंजी एकीनं वाढायचं आन् एकीनं जेवायचं. किती अचूक! पॉइंट गार्ड म्हणजे पंगतीत वाढणारी. पुढे तिने आणखी एक जोडले, मग लेकराला भूक लागली आसंल तर जेवू द्या की वं. पण ते खेळाबद्दल नव्हते.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

प्रॅक्टिसला गेले. वीरधवल सर तिशीचे, चपळ, गळ्यात सिस्टरांसारखीच शिट्टी. मी पंधरा मिनिटांत मुद्दा मांडला. पूर्ण ऐकून घेतला. म्हणाले, आजी, बघू.

म्हणजे पटले.

मला मानाने खुर्ची दिली. सायकल स्टँडपाशी, जरा लांब, पण सावलीत. मुली धावतात छान. पण बॉल हातात आला की प्रत्येक जणी आधी लांबून मारायला बघते. तीन पॉइंटची ती रेष आमच्या वेळी नव्हतीच. रेष नसली की माणूस विचार करतो.

येताना रिक्षात सृष्टीने सांगितले, आजी, आता कॉम्बो गार्ड असतात, दोन्ही करतात. मी म्हटले, कॉम्बो थिएटरात पॉपकॉर्नबरोबर मिळतो.

रविवार, ३० नोव्हेंबर

गच्चीवर सृष्टीला फायनलचा पास करून दाखवला. बॉल टाकीला लागून खालच्या काकूंच्या कोथिंबिरीत. कंबर धरली. गादी फार मऊ झाली आहे, मुलाला सांगायला हवे.

ड्रिबलिंग कंबर सुटल्यावर. साखर त्याच्यानंतर.

मंगळवार, २ डिसेंबर

आज सृष्टीशी तासभर बोलले. गार्डने डोळे वर ठेवावेत, तोंड बंद ठेवावे, आणि आधी मैत्रिणीला बघावे, मग रिंगला: हे सिस्टरांचे वाक्य. ती प्रत्येक वाक्याला हो आजी म्हणाली. शेवटी कानातून इअरफोन काढून विचारले, काय म्हणालीस? तरी तिने मुख्य मुद्दा पकडला असणार. आमच्या रक्तातच आहे.

गुरुवार, ४ डिसेंबर

तिने खरेच पकडला होता.

प्रॅक्टिसमध्ये तीनदा मोकळी असून तिने मारला नाही, पास दिला. तिन्ही वेळा बॉल गेला. सर सगळ्यांसमोर म्हणाले, सृष्टी, रविवारी अशी खेळणार असशील तर बाकावर बस. हे तिने मला सांगितले नाही, सुनेला सांगितले, आणि मी पडद्यामागे होते. उगाच नव्हे, पडदा नीट करत होते.

ती जेवली नाही. ताट झाकून ठेवले. थोर खेळाडूंना सुरुवातीला कुणी समजून घेत नाही, असे तिला सांगायचे ठरवले होते. दारापर्यंत गेले. ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती, बॉल पायाशी. लहानपणी बाहुली तशी ठेवायची.

सांगितले नाही. लाइट घालवून आले.

शनिवार, ६ डिसेंबर

आम्रपालीला फोन केला नाही, सहा डिसेंबरला ती अभिवादनाला गेलेली असते. रात्री उशिरा तिचाच मेसेज: उद्या पुढच्या रांगेत जागा धरते, शेंगदाण्याची चटणी आण.

सृष्टीला फक्त इतकेच म्हटले: अडलीस तर माझ्याकडे बघ. मी खूण करीन. सर काही का म्हणेनात.

रविवार, ७ डिसेंबर. परतीच्या एसटीत

अक्षर हलते आहे. गाडी खिळखिळी आहे.

ग्राउंड तेच. मागे अजिंक्यतारा तोच. आम्रपालीचे केस पूर्ण पांढरे, मारे ऐटीत कापलेले. आम्ही दोघी चटणीची पुडी मध्ये ठेवून बसलो.

सृष्टी पहिल्यापासून मारत होती. मी खूण करायचे, ती बघायची नाही. अठरा पॉइंट एकटीचे. आम्रपाली दर बास्केटला माझ्या मांडीवर थाप मारत होती. मांडी अजून लाल आहे.

शेवटी एका पॉइंटने मागे. थोडेसे सेकंद. बॉल सृष्टीकडे, समोर कुणी नाही. आणि तेव्हा तिने माझ्याकडे बघितले. मी हात हलवून खूण केली: पास, पास! तिने क्षणभर ओठ चावला. मग डोळे रिंगकडे, आणि मारला.

बॉल रिंगपर्यंत पोचलाच नाही. खाली तिच्याच टीममधली शिवांजली उभी होती. तिच्या हातात पडला, तिने टाकला. जिंकलो.

मी उभी राहून ओरडले, काय पास! सगळ्यांना सांगत सुटले. सरांनाही सांगितले, बघा, आमच्या घराण्याचा पास! घामाने निथळत सृष्टी आली आणि सगळ्यांसमोर हसत म्हणाली, आजी, पास कुठला? शॉट होता. चुकला. शिवांजली म्हणाली, शॉट लय भंगार, पास म्हणून लय भारी गं.

आम्रपाली हसायला लागली. इतकी, की कुणीतरी पाणी आणले. मी विचारले, झाले काय? डोळे पुसत म्हणाली, काही नाही गं विजू. एकोणऐंशी.

तिला काय म्हणायचे होते कळले नाही.

कराड गेले. अजून कळले नाही.

मंगळवार, ९ डिसेंबर

यादी लागली. सृष्टीचे नाव आहे. शूटिंग गार्ड.

दुपारी आम्रपालीला फोन. आज फिरवून बोलले नाही. विचारले, माझ्या बॉलमध्ये आणि रिंगमध्ये किती अंतर होते? ती म्हणाली, चांगले दोन हात. मी म्हटले, मग सेहेचाळीस वर्षे बोलली का नाहीस? म्हणाली, तू इतकं छान सांगतेस. आणि दर वेळी माझी उडी चार बोटं उंच होते, मी कशाला मोडता घालू? शिवाय बास्केट तर माझीच होती की.

सिस्टरांचे वाक्य आठवले. देवानेच दिला, म्हणाल्या होत्या. मी दिला, असे त्या कुठे म्हणाल्या होत्या?

संध्याकाळी सृष्टी भुकेली आली. मी तव्यावरून गरम भाकरी देत होते. तिसरीचा चटका बसला, हातातून सुटली ती तिच्या ताटाच्या अलीकडेच. सृष्टीने वरच्या वर झेलली आणि ओरडली, वा आजी, काय पास!

मी म्हटले, पास नाही गं. ताटात मारली होती. चुकली.