जांभळ्या पानाचं भात

बा, आई आतल्या खोलीत खोकते आहे. मी उठून पाहून आलो, बसलो, परत उठलो. ती आता डहाणूला माझ्याकडेच असते. तिच्या फुप्फुसात कर्करोग आहे. विडी तू ओढायचास, तिनं कधी ओढली नाही. हे ती एकदाच म्हणाली, तेही चिडून नाही.

सुरुवातीला मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं की हे औषध रोगाला स्वतः मारत नाही. शरीराचे आपले राखणदार असतात, रोग त्यांना अडवून धरतो, औषध ती अडवणूक काढतं. मग परकं कोण ते ओळखून तेच त्याला संपवतात. वर्षभर तसं झालं. गाठ आटली. आई पाड्यावर जाऊन नागली लावून आली, वाणगावच्या बाजारात वांगी निवडताना भाजीवालीशी गुजरातीतून हुज्जत घालू लागली. मी निर्धास्त झालो.

काल कळलं, गाठ पुन्हा वाढली आहे आणि यकृतातही डाग आहे. औषध कमी पडलं का, मी विचारलं. बाई म्हणाल्या, "औषध तेच आहे. रोग तो राहिला नाही." ज्या पेशींवर ओळखीची खूण होती त्या मेल्या. थोड्या पेशींची ती खूण गेलेली होती. त्या वाचल्या, वाढल्या. राखणदार त्यांच्या शेजारून जातात आणि ओळखत नाहीत. काही तर लढून दमलेत. आता दुसरं औषध आहे, कडक आहे, खात्री नाही. यात कुणाचीही चूक नाही, असंही त्या म्हणाल्या. आई खाली बघत होती.

मला लहानपणचं नदीकडचं खोलगट खाचर दिसत होतं. त्यात देवभात, म्हणजे रानटी भात, माजलं आहे, कापणीआधीच दाणा गाळणारं, रोप असताना अगदी आपल्या भातासारखं. तू मामाकडून जांभळ्या पानाचं बियाणं आणलं आहेस. हिरवं दिसेल ते उपटा, तू म्हणतोस, आणि आम्ही पोरंसुद्धा बिनचूक उपटतो. दोन-तीन वर्षं कणगी भरते. बी आपल्याच खाचरातलं, आई निवडून ठेवते. मग एका वर्षी जांभळ्या रोपांनाच लांब कुसळं येतात आणि दाणा चिखलात गळून जातो. बांधावर, सगळ्यांच्या देखत, तू आईला म्हणालास, "तूच बी मिसळलंस." शेजारच्या खाचरांतही तेच झालं होतं. वाऱ्यानं फुलोरा फुलोऱ्याला लागला होता, रानटी भातानं आपला रंग घेतला होता. हे तुला पुढे कळलं असणार. पुढच्या वर्षी तू ते खाचर पडीक ठेवलंस.

काल परतताना चारोटीला जीप थांबवली. आईनं चहाला हात लावला नाही.

"मी सुकट खाल्ली," ती म्हणाली. "तू नको म्हणाला होतास. शेजारणीकडे बसून खाल्ली."

सुकटीनं काही होत नाही, मी म्हणालो. डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं ना.

"ती शिकलेली बाई. तोंडावर थोडीच बोलेल? तुझा बा बोलला होता." मग म्हणाली, "दुसरं औषध नको. तेही माझ्या हातून वाया जाईल."

हायवेवरून ट्रक जात होते. मी म्हणालो, "बा मला म्हणाला होता, बी तिनं नव्हतं मिसळलं. भातच भाताला लागलं."

"कधी?"

"आजारी होता तेव्हा."

"मला नाही म्हणाला." तिनं पेला जवळ ओढला. मग गार झालेला चहा प्यायली आणि म्हणाली, "मेला मुलखाचा हट्टी. विचार त्या बाईला, नवं औषध कधी सुरू करते."

सोमवारी सुरू होईल. तिला ते सोसवेल का, माहीत नाही. तिनं ते माझ्या शब्दावर घ्यायचं ठरवलं आहे आणि मला बसवत नाही. हे पाठवायची सोय असती तर एवढंच लिहिलं असतं: तू तसं कधीच म्हणाला नव्हतास. ती तिकडे आली की पहिलं तेच विचारेल. हो म्हण.