फ्रान्सच्या पोरीचं पागोटं

बाबा, शाळेत सर म्हणायचं आणि घरी बाबा, हे वळण मला लावताना तुम्ही कितीदा डोळे वटारले असतील. आज मी बाबाच म्हणते आहे, कारण सरांशी माझं भांडण नाही. सर चांगले होते.

सीमेवरच्या बोथ गावातल्या शाळेतला नववीचा मराठी माध्यमाचा वर्ग, वर तापलेले पत्रे. इतिहासाच्या पुस्तकात फ्रान्सच्या एका जुन्या राजाला चार ओळी दिलेल्या, पण तुम्ही त्यावर आठवडा काढायचे. राजा मेला, मागे एवढीशी पोर. राणी पोटुशी होती, तिला मुलगा झाला, तोही पाळण्यातच गेला. राहिली ती पोर. तर तिच्या सख्ख्या काकानं मुकुट आपल्याच डोक्यावर ठेवला, सरदारांनी माना डोलावल्या आणि बाईला गादी मिळत नाही असं ठरवून टाकलं. "आंधी पोरीले उठवलं, मंग कायदा हुडकला," तुम्ही टेबलावर हात आपटून सांगता आहात. तावात आलात की तुमची पुस्तकी मराठी अशी सुटायची. मागच्या बाकावरचा एकजण उभा राहतो आणि खरोखरच्या काळजीनं विचारतो, "सर, तिथचा पटवारी कोन होता? त्यानं विरासत कशी काय लावली?" आपल्याकडे वारसाची नोंद म्हणजे विरासत आणि ती लावणार पटवारी; फ्रान्समध्ये तरी दुसरं कोण लावणार? तुम्हाला हसता हसता ठसका लागला. शिपाई पाणी घेऊन आला.

मग तुमचा खेळ. दर वर्षी एका मुलीला स्वतःच्या खुर्चीत बसवून तुम्ही तिच्या डोक्याला आपलं उपरणं गुंडाळायचे आणि सांगायचे, आता ही राणी झाली, पुढचा इतिहास तुम्ही सांगा. त्या वर्षी मी बसले. "सर, पोरीले काऊन बसवून राह्यले गादीवर?" असं एकानं विचारलंच, आणि तुम्ही त्याला तासभर उभं केलं. मग वर्गानं जुळवलं. पोर राणी झाली, काका तिचा कारभारी झाला. आई फ्रान्सच्या राजघराण्यातली म्हणून फ्रान्सवर हक्क सांगायला इंग्लंडच्या राजाला जागाच उरली नाही, तो आपल्या मेंढ्यांची लोकर विकत घरी राहिला. शंभर वर्षांची लढाई झाली नाही, उभी पिकं जळली नाहीत. शेवटचं तुम्ही स्वतः सांगितलं. एका पोरीला गादीवर बसू दिलं नाही, म्हणून पुढे दुसऱ्या पोरीला चिलखत घालून त्यांच्या राजाला गादीवर बसवायला जावं लागलं, आणि तिला इंग्रजांनी जाळलं. उपरण्याला तुमच्या घामाचा आणि खडूचा वास येत होता.

घरीही तो खेळ संपायचा नाही. आई चुलीशी भाकरी थापते आहे, तुम्ही पाटावर, आणि मी उगाच राणीच्या तोऱ्यात पाणी मागते. "दे वं, महाराणीले पानी दे," तुम्ही आईला म्हणता. आई म्हणायची, "डोक्शावर चढवू नका तिले, उतरवताना जड जाईन." मी तेव्हा आईवर रागावले होते. तिला काय कळतं फ्रान्समधलं, असं वाटायचं मला.

मग तुम्ही गेलात, आणि तेराव्या दिवशी तुमची तेरवी. सोयऱ्यांनी नवं पांढरं पागोटं आणलेलं, आणि ते ज्याच्या डोक्याला बांधतील तो तुमच्या जागी. तुम्हाला मूल मी एकटीच. मी आंघोळ करून, केस बांधून पाटाशी जाऊन उभी राहिले. कुणाशी भांडायला गेले नव्हते. मला वाटलं होतं, तुम्ही सांगून ठेवलं असेल. तुमचे भाऊ, माझे काका, जवळ आले. मग हळूच म्हणाले, "बाई, बाजूले सर. पोराले बसू दे." मी म्हटलं, "कोनं ठरवलं हे?" ते म्हणाले, "तुह्या बापानंच. हातात हात घेऊन सांगतलं ना त्यानं, पागोटं माह्या पुतन्याच्या डोक्शाले बांधा म्हनून." काकांचा पोरगा खाली मान घालून पाटावर बसला. त्याच्या कानामागून घाम वाहत होता, बिचाऱ्यानं माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. बायांमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. मग पंगती बसल्या, माझ्या पानात बुंदी पडली. पहिलाच घास घशाशी आला आणि मी मागच्या अंगणात जाऊन ओकले. आजही बुंदी दिसली की मी पान सरकवते.

शेताचं म्हणाल तर ते मिळालं. मंडलाच्या तहसील ऑफिसात विरासत आईच्या आणि माझ्या नावानं लागली, काकांनीच साक्ष दिली. पोरीच्या वारसाहक्काचा कायदा तुम्हीच वर्गात समजावला होता, तो खराच निघाला. पण गावात लग्नाचं आमंत्रण येतं ते चुलतभावाच्या दारी, आणि तुमचं घर म्हणून लोक त्याचंच घर दाखवतात.

आईला विचारलं. ती वाती वळत होती, वर न बघता म्हणाली, "म्या म्हटलं त्याईले, पोरगी हाय ना तुमची. तर म्हने, ते फ्रान्स होतं. आपल्याले गावात राह्याचं आहे." बाबा, तुम्ही मरायला टेकला होतात. कोणत्या गावात राहायचं होतं तुम्हाला? काकांची मला चीड आली नाही, ते जन्मभर जे बोलले तेच वागले. किळस आली ती तुमची. त्या सरदारांना निदान माहीत नव्हतं की पुढे काय होणार आहे. तुम्हाला सगळं पाठ होतं, आणि वर्षानुवर्षं पोरींच्या डोक्याला उपरणं गुंडाळून तुम्ही टाळ्या घेतल्या.

आता मी बेल्लमपल्लीला शिकवते, खाणकामगारांच्या पोरांना, तेलुगूतून. तो धडा आला की चार ओळी वाचून दाखवते आणि पुढे जाते. खेळ घेत नाही.

एकटी असले की मात्र खेळते. जुळवू लागते, की तुम्ही काकांचा हात हातात घेऊन माझं नाव घेतलंत. सोयरे आलेत, पाट मांडलाय, मी बसले आहे, पांढऱ्या कापडाचा पहिला वेढा कपाळावर आलाय. तिथे आठवतं की पागोटं बापाच्या तेरवीलाच बांधतात. मग मी पाटावरून उठते आणि सोयऱ्यांना परत पाठवते. तुम्ही ओसरीवर बसून खोकत असता. एवढी किळस वाटूनही माझ्याच्यानं तुम्हाला तिथे मारवत नाही.